टिटवाळ्याचा लोहमार्ग आणि कापसाची तेजी : जागतिक जोखमीचे एक जुने प्रकरण

जागतिक व्यापारातील राजकीय व आर्थिक जोखीम हा विषय अलीकडे पुष्कळ चर्चिला जातो. या चर्चेत बहुधा असे गृहीत धरलेले असते की, दूरदेशीचे युद्ध, नाकेबंदी अथवा जकातवाढ यांचा आघात आपल्या खेड्यापर्यंत पोहोचणे ही गेल्या तीसचाळीस वर्षांतील घटना होय. आपल्या प्रांताच्या इतिहासाला हे गृहीत मान्य होण्यासारखे नाही. १८६१ ते १८६५ या काळातील कापसाच्या तेजीचे प्रकरण मांडून, जोखीम कोठे उत्पन्न होते यापेक्षा ती अखेर कोणाच्या पदरी पडते, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

कल्याण तालुक्यातील काळू नदीच्या काठचे टिटवाळा हे गाव महागणपतीच्या देवस्थानामुळे व मुंबईच्या उपनगरी गाड्यांमुळे सर्वपरिचित आहे. अर्थशास्त्राच्या अभ्यासकास त्याचे महत्त्व आणखी एका कारणाने वाटावयास हवे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मुंबई-ठाणे हा पहिला टप्पा १६ एप्रिल १८५३ रोजी सुरू झाला व १८५४ मध्ये गाडी कल्याणास आली. कल्याणापुढे मार्गाचे दोन फाटे झाले. एक बोरघाटाकडे, दुसरा थळघाटाकडे. टिटवाळ्यावरून जाणारा हा दुसरा फाटा १८५५ मध्ये वासिंदपर्यंत आणि १ जानेवारी १८६१ रोजी कसाऱ्यापर्यंत पोहोचला. खानदेश व वऱ्हाड येथील कापूस मुंबई बंदरात उतरविणे हा त्यामागील एक प्रमुख हेतू होता, आणि त्यासाठी मँचेस्टरच्या गिरणीमालकांनी इंग्लंडात दीर्घकाळ आग्रह धरला होता. अर्थात या फाट्याचे भवितव्य आरंभापासूनच परदेशातील मागणीशी निगडित होते.

मार्ग कसाऱ्यास पोहोचल्यावर अवघ्या काही महिन्यांत, एप्रिल १८६१ मध्ये, अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी केली. लँकेशायरच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन-चतुर्थांशाहून अधिक कापूस याच बंदरांतून येत असे. तो थांबताच इंग्लंडची दृष्टी मुंबईकडे वळली आणि कापसाचे भाव कित्येक पटींनी चढले. नेहमीच्या रास्त किमतीपेक्षा सुमारे ८ कोटी १० लक्ष पौंड अधिक रक्कम या पाच वर्षांत मुंबईस मिळाली, असा अंदाज पुढे सरकारी गॅझेटियरात नमूद झाला आहे. पैशाच्या या पुरात बँका, वित्तसंस्था व भरणी कंपन्या यांचे पीक आले. बॅक बे भरणी कंपनीच्या ५,००० रुपयांच्या भागास सुमारे ५०,००० रुपयांपर्यंत भाव आला. भागांचे सौदे रोखीने होत नसून मुदतीने होत, आणि त्यांतील पुष्कळ सौद्यांची मुदत १ जुलै १८६५ ही होती.

९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचा सेनापती ली याने शरणागती पत्करली. युद्ध संपले आणि कापसाचे भाव कोसळले. १ जुलैला देणी भागविणे असंख्य व्यापाऱ्यांना अशक्य झाले. प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्या अग्रगण्य सराफाचे दिवाळे निघाले. बँक ऑफ बाँबे १८६८ मध्ये मोडीत निघाली. येथे लक्षात घेण्याची गोष्ट ही की, मुंबईला युद्धाने बुडविले नाही, तहाने बुडविले. लँकेशायरच्या दृष्टीने हिंदी कापूस आखूड धाग्याचा व भेसळीसाठी बदनाम होता. ही भेसळ रोखण्यासाठी मुंबई सरकारला १८६३ मध्ये कायदा करावा लागला. असा माल अडचणीपुरता घेतला जातो. अडचण सरली की ग्राहक जुन्या पुरवठादाराकडे परततो. जो केवळ दुसऱ्याच्या संकटामुळे बाजारात आला, त्याला संकटाचा शेवट हेच संकट होय.

या प्रकरणात काळाच्या विसंगतीचाही विचार केला पाहिजे. कसारा व इगतपुरी यांमधील थळघाटाचा टप्पा १८६५च्या जानेवारीत खुला झाला. तोवर आगगाडीच्या मालाची सलग वाहतूक तेथे खंडित होती. नागपुरापर्यंत लोहमार्ग पोहोचला तो १८६७ मध्ये, म्हणजे युद्ध संपून सुमारे दोन वर्षांनी. भाव क्षणात चढतो व उतरतो. मार्ग, बंदर व लागवड यांना वर्षे लागतात. तेजीच्या भरात आखलेली साधने पुष्कळदा मंदीत हाती येतात आणि त्यांचा बोजा मंदीच्या उत्पन्नातून फेडावा लागतो.

हा बोजा कोणी उचलला? तेजीत सावकारांनी कुणब्याला हात सैल सोडून कर्ज दिले. भाव पडताच तेच कर्ज आवळले गेले. त्याच सुमारास तीस वर्षांच्या जमाबंदीची मुदत संपून नवी आकारणी सुरू झाली. इंदापूर तालुक्यात ती १८६७ मध्ये झाली आणि सारा वाढला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या कर्जरोख्यांची होळी केली, आणि हे लोण अहमदनगर जिल्ह्यापर्यंत पसरले. या दंग्यांच्या मुळाशी कापसाच्या तेजीचा वाटा किती, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. तथापि पतपुरवठ्याच्या प्रसरणापाठोपाठ आलेले आकुंचन हे एक कारण होते, हे नाकारता येत नाही. तेजीतील संपत्तीचा काही अंश मुंबईत इमारतींच्या रूपाने उरला. प्रेमचंद रायचंद यांच्या १८६४ च्या देणगीतून उभा राहिलेला विद्यापीठाचा राजाबाई मनोरा त्याचे ठळक उदाहरण आहे. खेड्यांत मात्र कर्जरोखे उरले.

फ्रँक नाइट यांनी १९२१ मध्ये जोखीम व अनिश्चितता यांत जो भेद केला, तो येथे उपयोगी पडतो. जिची शक्यता मोजता येते ती जोखीम. तिचा विमा उतरविता येतो. युद्ध केव्हा संपेल ही अनिश्चितता होय. तिचा विमा कोणी देत नाही. अशा वेळी व्यवहाराच्या साखळीतील प्रत्येक जण आपला भार खालच्याकडे ढकलतो: निर्यातदार अडत्याकडे, अडत्या सावकाराकडे, सावकार कुणब्याकडे. कुणब्याच्या खाली कोणी नसतो. म्हणून जोखमीचा अभ्यास करताना तिच्या उगमाइतकेच तिच्या उताराचेही मापन केले पाहिजे.

हे विवेचन केवळ ऐतिहासिक नव्हे, हे २०२५ च्या घटनांवरून दिसते. त्या वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर प्रथम २५ टक्के व पुढे, रशियाकडून होणाऱ्या तेलखरेदीचे कारण देऊन, आणखी २५ टक्के जकात बसविली. पुढे या दरांत फेरबदल झाले. परंतु त्या घडीस वस्त्रनिर्यातदारांना कच्चा माल स्वस्त मिळावा म्हणून भारत सरकारने कापसावरील ११ टक्के आयातशुल्क १९ ऑगस्टपासून माफ केले आणि ही माफी ३१ डिसेंबरपर्यंत वाढविली. मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव त्या हंगामासाठी क्विंटलला ७,७१० रुपये ठरलेला होता. विदर्भातील कापूस बाजारात येण्याच्या ऐन वेळी विदेशी कापूस शुल्काविना येऊ लागला. भांडण युक्रेनच्या युद्धावरून, आकारणी वस्त्रांवर, आणि भावाचा दाब वऱ्हाडातील शेतकऱ्यावर, असा हा क्रम आहे. निर्यातदाराला दिलासा देणे गैर होते असे येथे म्हणावयाचे नाही. पण तो दिलासा कोणाच्या खर्चाने दिला गेला याचा हिशेब मांडला जाणे अवश्य आहे.

१८६५ च्या शेतकऱ्यास हमीभाव नव्हता, सरकारी खरेदी नव्हती, आपले म्हणणे मांडण्यास विधिमंडळ नव्हते. आजच्या शेतकऱ्यास ही साधने आहेत, आणि हा फरक मोठा आहे. परंतु हमीभावाचे मोल प्रत्यक्ष खरेदी किती, कोठे व किती वेळेवर होते यावर अवलंबून असते. पदव्युत्तर अभ्यासकांनी हाती घेण्यासारखे काम येथेच आहे. दर हंगामातील बाहेरच्या घडामोडी, शुल्काचे निर्णय व बाजार समित्यांतील भाव यांची तारीखवार जुळणी केल्यास, दूरच्या आघाताला शेतापर्यंत येण्यास किती दिवस लागतात आणि वाटेत त्याचा भार कोण कोणावर टाकतो, हे तर्काने नव्हे तर आकड्यांनी सांगता येईल.