नुसत्या जागेचे ‘ठिकाण’ कसे होते?

मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाखाली दर वर्षी २ जानेवारीला माणसांची रीघ लागते. १९४३ साली याच दिवशी भाई कोतवाल व हिराजी पाटील येथे पोलिसांशी लढताना हुतात्मे झाले. त्या घटनेने रानातील एका साध्या जागेचे ‘ठिकाण’ केले. पण तेथे आलेली माणसे टेकतात कोठे? कोणत्या झाडाची सावली धरतात? पायवाट सोडून आडवी का जातात? असे प्रश्न विचारणे हा काही लोकांचा व्यवसायच आहे. त्यांना नागरी रचनाकार म्हणतात.

वास्तुशिल्पी इमारतीचा आराखडा काढतो. नगररचनाकार रस्ते, पाणी, वस्ती कोठे असावी ते ठरवितो. नागरी रचनाकाराचे लक्ष असते इमारतींच्या मधल्या जागेवर : गल्ली, चौक, पार, बाजार, एस. टी. थांबा.

त्याचे पहिले काम रेखाटणे नव्हे, पाहणे. विल्यम व्हाइट या अमेरिकन अभ्यासकाने १९७१ च्या सुमारास न्यूयॉर्कमधील चौकांवर कॅमेरे रोखून माणसे मोजली. उत्तर हसू येईल इतके साधे निघाले. जेथे बसायला कट्टा असतो, तेथे माणसे बसतात! काही चौक ऐसपैस असूनही ओस होते, कारण टेकायलाच काही नव्हते. गप्पा मारणारे लोक कडेला न सरकता ऐन वर्दळीत उभे राहतात, हेही दिसले. १९७५ मध्ये त्या शहराने बसण्याची सोय नियमातच घातली.

आपल्याकडचे उदाहरण नवी मुंबईत बेलापूरला आहे. चार्ल्स कोरिया यांनी १९८३ ते १९८६ या काळात तेथे ‘आर्टिस्ट्स व्हिलेज’ ही वसाहत उभारली. सात घरांच्या मध्ये सुमारे ८ मीटर लांबी-रुंदीचे एक अंगण. अशा तीन गटांना मिळून १२ मीटरचे मोठे अंगण. आणि कोणत्याही दोन घरांत भिंत सामाईक नाही. का? कुटुंब वाढले की शेजाऱ्याला धक्का न लावता खोली काढता यावी म्हणून. पुढे पुष्कळांनी मूळ घरे पाडून मजले चढविले, पण अंगणे राहिली. माझ्या मते खरी कमाई हीच.

आता या कामात संगणकही आला आहे. इस्रोच्या ‘भुवन’ या २००९ च्या नकाशा-संचावर सिद्धगडाचे कडे व ओढे घरबसल्या पाहता येतात. जमिनीच्या उंचीचे आकडे दिले, की पावसाचे पाणी कोणीकडे धावेल तेही संगणक दाखवितो. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी सुरू झाली. मात्र आकाशातून झाड दिसते, दुपारी त्याखाली कोण बसते ते दिसत नाही.

हे शिकण्यासाठी बारावीला गणित घ्यावे, ‘नाटा’ ही परीक्षा द्यावी, पाच वर्षे वास्तुकला व मग दोन वर्षे नागरी रचना असा मार्ग आहे. वास्तुकलेसाठी मुंबईचे जे. जे. जुने व नामांकित. पुढच्या शिक्षणाची सोय दिल्ली, अहमदाबाद येथे आहे.

शहापूर तालुक्यातून जाणारा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. रस्त्यामागून वस्ती येतेच. मोकळी जागा आधी आखली नाही, तर घरे झाल्यावर ती सापडत नाही.

तोवर एक प्रयोग करा. आपल्या गावच्या एस. टी. थांब्याचा नकाशा वहीत काढा. दर दहा मिनिटांनी कोण कोठे उभे आहे, तेथे टिंब द्या. सावलीची कडही आखा. मे महिन्यात एकदा व जुलैत एकदा करा. दोन्ही नकाशे सारखे येणार नाहीत.