करदात्यांचा वाडा

बोरीबंदरास गाडीतून उतरून बाहेर आलेल्या माणसाची नजर सहसा मागे वळते. कारण स्थानकाची ती भव्य इमारत पाहावी असा साऱ्या जगाचा आग्रह आहे. वास्तविक समोरच, दोन रस्त्यांच्या बेचक्यात उभी असलेली महानगरपालिकेची वास्तू तिच्या तोडीस तोड आहे. दोहोंचा स्थपतीही एकच, फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. तथापि एक भेद ध्यानी घेण्याजोगा आहे. स्थानक आगगाडीच्या कंपनीचे होते. ही इमारत मात्र गावाने स्वतःच्या कारभारासाठी उभारली. गिरगावात, परळास किंवा दादरला राहून जो गृहस्थ या शहराचे कर भरतो, त्याला येथे पाऊल ठेवताना परकेपणा वाटण्याचे कारण नाही. पण वाटतो खरा! पुष्कळांचा या दाराशी संबंध येतो तो एखाद्या अर्जापुरता, आणि अर्जदार काही शिल्पकला पाहावयास जात नसतो.

ही वास्तू समजावयाची तर तिच्या आधीची हकीकत ठाऊक हवी. आर्थर क्रॉफर्ड हे म्युनिसिपल कमिशनर असताना पालिकेची कचेरी गिरगाव रस्त्याच्या टोकास एका साध्या इमारतीत होती. इ. स. १८७० मध्ये ती एस्प्लनेडवर, वॉटसन हॉटेलच्या शेजारी गेली. क्रॉफर्डसाहेब मोठे कर्तबगार. त्यांच्या नावाची मंडई आजही त्याच नावाने लोकांच्या तोंडी आहे. गावाची स्वच्छताही त्यांनी सुधारली. परंतु त्यांचा हात सढळ, आणि त्या हातास आवरणारे कोणी नाही, अशी स्थिती होती. खर्च हाताबाहेर गेला तेव्हा १८७१ मध्ये करदात्यांनी मोठा गवगवा केला. पैसा आमचा, मग हिशेब आम्हांस का नको, हा त्यांचा प्रश्न होता. त्यातूनच १८७२ चा कायदा झाला आणि चौसष्ट सभासदांची सभा अस्तित्वात आली. त्यांपैकी निम्मे करदात्यांनी निवडून द्यावयाचे होते. मुंबईच्या नागरिक स्वराज्याचा पाया असा हिशेबाच्या भांडणावर घातला गेला आहे.

९ डिसेंबर १८८४ रोजी लॉर्ड रिपन यांच्या हस्ते कोनशिला बसली. स्थानिक स्वराज्याचा पुरस्कार करणारा हा व्हाइसरॉय त्या वेळी कारकीर्द संपवून स्वदेशी निघाला होता, म्हणजे योग चांगला जुळला. त्यानंतर मात्र जागा तशीच राहिली. नकाशा कोणत्या शैलीचा असावा यावर बराच खल झाला. मद्रासकडील चिझम यांनी हिंदी-मुसलमानी धर्तीचा आराखडा दिला होता. अखेर पसंती मिळाली ती स्टीव्हन्स यांच्या गॉथिक आराखड्यास. त्यांनीही वर घुमट चढवून पौर्वात्य थाट राखलाच.

गॉथिक म्हटले की आपल्याला ख्रिस्ती देवळे आठवतात. परंतु मध्ययुगात उत्तर फ्रान्स व फ्लँडर्स या प्रांतांतील गावांनी सरदारांपासून सनदा मिळविल्या, तेव्हा आपल्या नगरगृहास त्यांनी उंच घंटाघराची जोड दिली. स्वतःची घंटा वाजवून सभा बोलावण्याचा अधिकार हे तेथे गावाच्या स्वातंत्र्याचे चिन्ह मानले जाई. व्यापाऱ्यांच्या मुंबईने असा उंच मनोरा असलेले नगरगृह बांधावे, हे शोभणारेच होते. दर्शनी भागाच्या शिरावर पंख पसरलेली जी स्त्रीमूर्ती आहे, ती ‘हिंदुस्थानातील पहिले नगर’ या मुंबईच्या बिरुदाची. त्या बिरुदात थोडी बढाई आहे. पण बढाई मारण्याइतके काम तेव्हा झाले होते, हेही खरे.

मूर्ती पाहून झाल्यावर बांधकामाची नोंद देणारी पाटी अवश्य वाचावी; साऱ्या वास्तूत तिच्याइतके बोलके दुसरे काही नाही. काम २५ एप्रिल १८८९ रोजी सुरू झाले आणि ३१ जुलै १८९३ रोजी पुरे झाले. मंजूर अंदाज रुपये ११,८८,०८२. प्रत्यक्ष खर्च रुपये ११,१९,९६९. म्हणजे ६८,११३ रुपये वाचले! स्थपतीबरोबर साहाय्यक इंजिनियर रावसाहेब सीताराम खंडेराव आणि कंत्राटदार व्यंकू बाळाजी कालेवार यांचीही नावे तेथे आहेत. खर्चाचा आकडा दगडावर कोरून ठेवण्याची छाती आज किती संस्थांना होईल, याचा विचार ज्याने त्याने करावा. क्रॉफर्डसाहेबांच्या वेळी पोळलेल्या करदात्यांना ही पाटी म्हणजे उत्तर होते.

घुमटाखालच्या जिन्याने वर गेले की सभागृहाकडे जाता येते. १८८८ चा जो कायदा अद्यापि पालिकेचा आधार आहे, त्याच्या घडणीत मोठा वाटा असलेल्या फिरोजशहा मेहतांचा पुतळा बाहेर उभा आहे. मात्र त्यांच्या काळी मत होते ते कर भरणाऱ्या थोड्यांनाच. १९२२ नंतर ते ठराविक भाडे देणाऱ्या भाडेकरूंपर्यंत पोहोचले. लालबाग-परळच्या चाळीत एका खोलीत दाटीने राहणाऱ्या गिरणी कामगाराला व त्याच्या कारभारणीला सरसकट मताचा हक्क मिळाला तो १९४८ साली, प्रौढ मतदानाने. वाडा बांधून झाल्यानंतर पंचावन्न वर्षांनी त्याचे दार खऱ्या अर्थाने उघडले. सुलोचना मोदी या पहिल्या महिला महापौर व्हावयास १९५६ साल उजाडले.

केवळ वास्तू पाहण्यासाठी सामान्य प्रेक्षकाला आत घेण्यास जानेवारी २०२१ मध्ये प्रारंभ झाला. शनिवार-रविवारी वाटाड्यासह फेरी निघू लागली आणि लोक हौसेने येऊ लागले. पण लवकरच, मार्च २०२२ मध्ये, निवडून आलेल्या सभेची मुदत संपली. वेळेवर निवडणूक न झाल्यामुळे त्यानंतर काही वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. त्या अवधीत घुमट तोच होता, जिना तोच होता, आणि ज्यांच्यासाठी सभागृह बांधले ते नगरसेवक तेवढे तेथे नव्हते.