खूण दिसली की हात हलला पाहिजे



गेल्या हंगामातली गोष्ट. पहाटे आम्ही अड्ड्यावर फेरी मारत होतो. कोपऱ्यातल्या एका ट्रॉलीजवळ गेलो, तर उसाचे काप सुकलेले आणि आंबूस वास सुटलेला. ड्रायव्हरला विचारलं, "कधीची तोड?" तो म्हणाला, "साहेब, परवाची. मागनं आलेल्या गाड्या पुढं गेल्या, आमची हितंच ऱ्हायली." स्लिप काढून पाहिली. चिटबॉयने तोडीची तारीख बरोबर लिहिली होती. लिहिण्यात चूक नव्हतीच. पण अड्ड्यावर गाड्यांची दाटी असताना रात्री बॅटरी लावून एकेकाची स्लिप कोण वाचणार? तारीख कागदावर होती, डोळ्यांना दिसत नव्हती. ती दिसावी अशी सोय केली नाही, हा दोष आमच्या खात्याचा होता, हे आम्ही मोकळेपणाने कबूल करतो.

नुकसान मात्र सर्वांचे झाले. तोडलेल्या उसातले पाणी उडते, तेव्हा ज्याचा ऊस त्याचे वजन काट्यावर घटते. शिवाय उसातली साखर फुटू लागते, ती पुन्हा पोत्यात येत नाही. उन्हाळ्यात आणि जळालेल्या उसात ही घट जास्तच. एफ.आर.पी. साखर उताऱ्यावर ठरते. २०२२-२३ च्या हंगामात केंद्र सरकारने त्यासाठी पायाभूत उतारा १०.२५ टक्के धरला. म्हणजे एकाचा ऊस शिळा झाला तरी त्याची झळ सगळ्या सभासदांच्या दराला लागते. म्हणून तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गव्हाणीत पडावा, असे आम्ही पुन्हा पुन्हा सांगतो.

आता यावर उपाय काय? आपल्याच बॉयलर हाऊसमध्ये जाऊन पाहा. फायरमन वही वाचून पाणी सोडत नाही. काचेच्या नळीत पाणी उतरलेले दिसले की त्याचा हात वॉल्व्हकडे जातो. प्रेशरच्या घड्याळावर लाल रेघ आहे, काटा तिच्याकडे सरकला की तो सावध होतो. शिकलेला असो वा अडाणी, डोळ्याला दिसले की काम होते.

जपानच्या टोयोटा कंपनीने हीच गोष्ट पुढे नेली. या घराण्यातले साकिची टोयोडा हे मूळचे मागवाले. १९२४ साली त्यांनी पुरा केलेला माग धागा तुटला की आपोआप थांबत असे. पुढे मोटारीच्या कारखान्यात कामगाराच्या डोक्यावर दोरी आली. काही बिघडले की त्याने दोरी ओढायची. वर दिवा लागतो, मुकादम धावत येतो. ठरलेल्या वेळात दुरुस्ती झाली नाही, तर सगळी लाईन थांबते. या दिव्याला ते 'आंदोन' म्हणतात. मूळ अर्थ कागदी कंदील. यात बघण्यासारखी गोष्ट दिवा नव्हे. दिवा लागल्यावर कोणी यायचे आणि काय करायचे, हे आधी ठरलेले आहे, ती खरी गोष्ट. ते ठरले नसेल तर दिवा म्हणजे जत्रेतली रोषणाई आणि झेंडा म्हणजे चिंधी!

म्हणून येत्या हंगामासाठी आम्ही साधी पद्धत ठरवली आहे. पिवळा, पांढरा आणि निळा असे तीन रंग दिवसाआड नव्हे, तर रोज एक याप्रमाणे फिरत राहतील. आजचा रंग गट ऑफिसच्या फळ्यावर लावलेला असेल. ज्या दिवशी फडाला कोयता लागला, त्या दिवसाचा झेंडा गाडीवर बांधायचा, भरणीच्या दिवसाचा नव्हे. अड्ड्यावरच्या सुपरवायझरने कालच्या रंगाची गाडी आधी सोडायची. परवाचा रंग दिसला, तर ती गाडी थेट गव्हाणीला लावून आम्हाला बोलवायचे, मग रात्रीचे दोन वाजलेले असोत. चौथा रंग मुद्दाम ठेवलेला नाही, कारण तेवढी जुनी गाडी अड्ड्यात राहताच कामा नये.

एका सभासदाने विचारले, "साहेब, नंबर लवकर लागावा म्हणून कोणी कालचाच झेंडा बांधला तर?" प्रश्न बरोबर आहे. यासाठी काट्यावर झेंडा आणि स्लिपवरची तारीख ताडून पाहिली जाईल. पण खरी राखण सभासदाचीच. टोळी फडात शिरेल तेव्हा आपण बांधावर हजर राहा आणि झेंडा डोळ्यांदेखत बांधून घ्या.

लाल रंग आम्ही यात घेतलेला नाही. लाल म्हणजे 'थांबा' एवढेच राहू द्या. बेणे प्लॉटमध्ये काणीचा काळा चाबूक निघालेले बेट दिसले, तर त्यावर हळूच पोते चढवून ते मुळासकट उपटावे व जाळावे. लगेच जमत नसेल तर निदान लाल चिंधी बांधावी, म्हणजे बेणे तोडणारा त्या बेटाला हात लावणार नाही.

तसेच ट्रॉली आणि बैलगाडीच्या मागे. तिथे लाल कापड बांधतात, पण अंधारात ते काळेच दिसते. त्या जागी लाल रिफ्लेक्टर हवा, आणि लोंबणाऱ्या वाढ्यांनी तो झाकलेला नसावा. मागून येणाऱ्याला तो वेळेवर दिसला, तरच त्याचा पाय ब्रेकवर जाईल. ऊस शिळा झाला तर पैसे बुडतात, इथे माणूस जातो. मोटरसायकलवर येणारा तो पोरगा आपल्याच गावचा असतो.

तरी सर्व सभासदांनी तोडणी सुरू होण्यापूर्वी गट ऑफिसमधून झेंडे न्यावेत व गाडी रस्त्याला लागण्याआधी एकदा मागे जाऊन पाहावे, ही नम्र विनंती.