उभ्या गाडीस धक्का लागल्यास दायित्व कोणाचे?



घराच्या फाटकातून गाडी मागे घेताना रस्त्यावरील उभ्या गाडीस धक्का बसतो. मालक तेथे नसतो आणि ‘कोणी पाहिले नाही’ हा विचार मनात डोकावतो. अशा वेळी कायदा काय सांगतो, हे आम्ही येथे थोडक्यात मांडीत आहोत.

मागील बाजू मोकळी असल्याची खात्री करणे हे गाडी मागे घेणाऱ्याचे कर्तव्य असल्याने दायित्व प्रथम त्याच्याकडेच येते. दुसरी गाडी फाटक अडवून वा निषिद्ध जागी उभी असल्यास, तिच्या चालकाच्या दोषाच्या प्रमाणात भरपाई कमी होऊ शकते. परंतु धक्का देणारा तेवढ्याने सर्वस्वी मुक्त होत नाही.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १३४ नुसार त्रयस्थाच्या मालमत्तेची हानी झाल्यास, जागेवर पोलीस नसतील तर चालकाने शक्य तितक्या लवकर व फार तर २४ तासांत जवळच्या पोलीस ठाण्यात वर्दी द्यावी. विमा कंपनीसही लेखी कळवावे.

कलम १४६ अन्वये सक्तीच्या असलेल्या त्रयस्थ विम्यातून दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई होऊ शकते. स्वतःच्या गाडीची दुरुस्ती मात्र त्यात येत नाही.

मालक न भेटल्यास आपले नाव, दूरध्वनी व गाडी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी काचेवर ठेवावी, छायाचित्रे घ्यावीत. विमा कंपनीस विचारल्यावाचून भरपाईचे वचन देऊ नये. पण निघूनही जाऊ नये, ही सर्वांस नम्र विनंती.