येलदरीची संध्याकाळ आणि फोटोतले दाणे

सूर्य बुडाल्यावर येलदरी धरणाच्या काठावर वीसेक मिनिटं जो उजेड उरतो, त्यासाठी मी पुन्हा पुन्हा तिथे जातो. पूर्णेचं पाणी तेव्हा शिशासारखं दिसतं.

परवा एक मच्छीमार जाळं आवरत होता. आयएसओ ६४००, अ‍ॅपर्चर एफ १.८, शटर १/१५. हात हलला, जाळ्याची नुसती करडी रेघ उमटली, आभाळभर दाणे, म्हणजे नॉइज, आले. तो गेल्यावर ट्रायपॉड लावून आयएसओ १००वर दुसरा फोटो घेतला. त्यात काठावरचा दगड न् दगड स्वच्छ दिसतो. मला मात्र पहिलाच जवळचा वाटतो, कारण दिवसभराचा थकवा त्यातच आहे.

युद्धछायाचित्रकार रॉबर्ट कापाने ६ जून १९४४ला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरताना काढलेले फोटोही असेच हललेले, दाणेदार आहेत. तरी ते आजही अंगावर येतात.

याचा अर्थ तंत्र सोडा असा नाही! अंधारात आयएसओ वाढवायला घाबरू नका. फोटो काळपट काढून नंतर संगणकावर उजळला तर सावल्यांत जास्त घाण दिसते. कृष्णधवल केल्यावर रंगीत ठिपके जातात, उरतात ते फक्त उजेड-अंधाराचे दाणे, जुन्या फिल्मसारखे. नॉइज काढायचं सॉफ्टवेअर जपून वापरा, चेहरा मेणाचा होतो.

कमी उजेडातला तुमचा एखादा 'बिघडलेला' फोटो अजून डिलीट केला नसेल, तर खाली नक्की टाका.