जड डीएमएफचा चकवा

सोलापूरहून पुण्याच्या रस्त्याला लागलं की मोहोळ तालुक्यात चिंचोळी एमआयडीसी लागते. इथे कारखाना असलेली बालाजी अमाइन्स ही कंपनी डायमिथाइलअमाइन बनवते आणि डायमिथाइलफॉर्मामाइड, म्हणजे कारखान्यांच्या बोलीतलं डीएमएफ हे द्रावकही. मधुमेहींची रोजची मेटफॉर्मिन डायमिथाइलअमाइनपासूनच तयार होते. त्यामुळे २०२० साली अमेरिकेत उलगडलेलं एक कोडं चिंचोळीला परकं वाटू नये.

तिथल्या एका खासगी प्रयोगशाळेने मेटफॉर्मिनचे ३८ नमुने तपासले. त्यातल्या १६ नमुन्यांत एनडीएमए हे कर्करोगकारक मानलं जाणारं रसायन दिवसाला ९६ नॅनोग्रॅम या मर्यादेपेक्षा जास्त निघालं. तेच नमुने अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तपासले, तेव्हा मर्यादा ओलांडणारे भरले फक्त ८. आकडा फुगवणारा निघाला औषधात उरलेला डीएमएफ.

वस्तुमानमापकात प्रोटॉन चिकटलेला एनडीएमए ७५.०५५३ वर दिसतो आणि डीएमएफ ७४.०६०० वर. एका पूर्ण एककाचं अंतर असताना गफलत व्हायची कशी? पण निसर्गात दर हजार नायट्रोजन अणूंमागे साधारण चार अणू नायट्रोजन-१५ चे, एका न्यूट्रॉनने जड असतात. असा अणू असलेला डीएमएफ ७५.०५७१ वर जाऊन बसतो. आता फरक उरला ०.००१८, म्हणजे दहा लाखांत जेमतेम २४ भागांचा. कार्बन-१३ वाला डीएमएफ संख्येने जास्त खरा, पण तो ७५.०६३४ वर असल्याने ओळखू येतो. खरी डोकेदुखी नायट्रोजनची.

थोडा हिशेब मांडू. दिवसाला २ ग्रॅम मेटफॉर्मिन घेणाऱ्यासाठी एनडीएमएची ती ९६ नॅनोग्रॅमची मर्यादा ग्रॅममागे ४८ नॅनोग्रॅम पडते. औषधात डीएमएफचा अंश दहा लाखांत ८८० भागांपर्यंत चालतो. तेवढा असेल, तर त्यातला नायट्रोजन-१५ वाला हिस्सा ग्रॅममागे तीन हजार नॅनोग्रॅमच्या वर जातो! यंत्र दोन्ही रेणूंना सारखाच प्रतिसाद देत नाही, हे मान्य. तरी कायद्याने चालणारी अशुद्धी न चालणाऱ्या अशुद्धीला सहज झाकून टाकेल.

गंमत म्हणजे अशा मोजणीत आधाराला घेतात तेही समस्थानिकच, म्हणजे त्याच मूलद्रव्याचे वेगळ्या वजनाचे अणू. ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन घातलेला एनडीएमए ठरावीक प्रमाणात नमुन्यात मिसळतात. वाटेत जितकं काही गळतं, तितकंच त्याचंही गळतं, म्हणून घट भरून काढता येते. पण त्याचं वस्तुमान वेगळं. डीएमएफने एनडीएमएच्या जागेवर घातलेली भर त्याला दिसतच नाही. घट सांभाळणारा हा सोबती घुसखोरीपुढे निरुपयोगी ठरतो.

मार्ग दोन. एक, यंत्राची विभेदनक्षमता, म्हणजे जवळची वस्तुमानं वेगळी दाखवण्याची क्षमता, ४२ हजारांच्या बरीच वर ठेवायची आणि वस्तुमानाची खिडकी अरुंद करायची. दुसरा स्वस्त आणि माझ्या मते जास्त भरवशाचा: वस्तुमानमापकाआधीच्या, रेणू वेगळे करणाऱ्या स्तंभातून दोन्ही रेणू वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतील अशी व्यवस्था करायची आणि निव्वळ डीएमएफ यंत्रात सोडून ७५.०५५ वर काही उमटतं का, ते आधी पाहायचं.