पाच डॉलरने उघडलेले खाते

पदवी हाती आली की बहुतेक विद्यार्थ्यांचा विद्यापीठाशी असलेला व्यवहार पुरा होतो. शुल्क भरले, परीक्षा दिली, प्रमाणपत्र घेतले आणि खाते बंद झाले. अमेरिकेतील बाल्टिमोर शहराच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील एका पदवीधराने मात्र हे खाते सहा दशके चालू ठेवले. व्यापारी कुटुंबांनी बारकाईने वाचावा असा हा जमाखर्च आहे.

मुळात हे विद्यापीठ एका व्यापाऱ्याच्या मृत्युपत्रातून जन्माला आले. जॉन्स हॉपकिन्स हे बाल्टिमोरचे घाऊक व्यापारी. पुढे पतपुरवठा आणि रेल्वेतील गुंतवणूक यांतून त्यांची संपत्ती वाढली. ते अविवाहित होते. १८७३ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा ७० लाख डॉलरची संपत्ती त्यांनी विद्यापीठ व रुग्णालय यांना समसमान वाटून दिली होती. १८७६ मध्ये विद्यापीठ सुरू झाले.

मायकेल ब्लूमबर्ग या विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकी शिकण्यासाठी आले. वडील एका दुग्धव्यवसायात हिशेबनीस होते आणि त्यांची कमाई वर्षाला ६,००० डॉलरच्या वर कधी गेली नाही. मुलाचे शिक्षण सरकारी विद्यार्थी कर्ज आणि विद्यापीठाच्या आवारातील नोकरी यांच्या आधाराने झाले. वडिलांचे निधन १९६३ मध्ये, म्हणजे मुलाला पदवी मिळण्यापूर्वीच झाले. अभ्यासात ब्लूमबर्ग मध्यमच होते. १९६४ मध्ये ते पदवीधर झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी विद्यापीठाला आपली पहिली देणगी पाठविली. ती होती पाच डॉलरची. कारण त्या वेळी तेवढेच देणे शक्य होते.

पुढे १९८१ मध्ये वॉल स्ट्रीटवरील त्यांची नोकरी गेली. भागीदारीपोटी हाती आलेल्या एक कोटी डॉलरच्या बळावर त्यांनी आर्थिक माहिती पुरविणारी स्वतःची कंपनी काढली. कंपनी वाढत गेली, तशी देणगीची रक्कमही वाढत गेली. १९९६ ते २००२ या काळात ते विद्यापीठाच्या विश्वस्त मंडळाचे अध्यक्ष होते. न्यूयॉर्कचे महापौरपद स्वीकारल्यावर त्यांनी ते पद सोडले, परंतु देणे थांबविले नाही. अधिकार संपल्यावरही जे नाते टिकते, त्याचे मोल निराळेच असते.

२००९ मध्ये विद्यापीठाचे नेतृत्व रोनाल्ड डॅनियल्स या कॅनडातून आलेल्या कायद्याच्या अभ्यासकाकडे आले. विविध ज्ञानशाखांमधील भिंती कमी कराव्यात हा त्यांचा आग्रह होता. २०१३ मध्ये ब्लूमबर्ग यांनी ३५ कोटी डॉलर दिले. त्यांपैकी २५ कोटी एकाहून अधिक शाखांत काम करणाऱ्या ५० प्राध्यापकांच्या नेमणुकीसाठी आणि १० कोटी शिष्यवृत्त्यांसाठी होते. संस्थेच्या प्रमुखाने दिशा ठरवावी आणि माजी विद्यार्थ्याने तिला बळ द्यावे, अशी ही कामाची वाटणी होती.

नोव्हेंबर २०१८ मध्ये त्यांनी जाहीर केलेली देणगी १८० कोटी डॉलरची होती. अमेरिकेतील शिक्षणसंस्थेला तोवर मिळालेली ही सर्वांत मोठी देणगी. इमारत बांधण्यासाठी यातला पैसा नव्हता. तो केवळ विद्यार्थ्यांच्या अर्थसाहाय्यासाठी राखून ठेवण्यात आला. प्रवेश देताना विद्यार्थ्याच्या घरची आर्थिक स्थिती पाहायची नाही, हे धोरण त्यामुळे कायमचे झाले. पदवी अभ्यासक्रमाच्या साहाय्यातून कर्ज वगळून त्याच्या जागी शिष्यवृत्ती आली. एकेकाळी स्वतः कर्ज काढून शिकलेल्या विद्यार्थ्याने आपल्यामागून येणाऱ्यांच्या डोक्यावरचे कर्ज असे उतरविले. २०२४ मध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी आणखी १०० कोटी डॉलर आले. ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न तीन लाख डॉलरहून कमी, तेथील वैद्यकीय विद्यार्थ्याला आता शुल्क भरावे लागत नाही.

या हकिकतीतील सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट पुढेच आहे. अमेरिकेतील अनेक नामांकित खासगी विद्यापीठांत माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना प्रवेशात झुकते माप देण्याची जुनी प्रथा आहे. संस्थेशी नाते टिकावे आणि देणग्या येत राहाव्यात, हे तिचे समर्थन. डॅनियल्स यांनी ही प्रथा २०१४ पासून गाजावाजा न करता बंद केली आणि जानेवारी २०२० मध्ये तसे जाहीर केले. नव्या विद्यार्थ्यांत अशा मुलांचे प्रमाण २००९ मध्ये १२.५ टक्के होते, ते २०१९ मध्ये ३.५ टक्क्यांवर आले. याच काळात सरकारी शिष्यवृत्तीस पात्र ठरणाऱ्या अल्प उत्पन्न गटातील विद्यार्थ्यांचे प्रमाण ९ टक्क्यांवरून १९.१ टक्क्यांवर गेले. १८० कोटींची देणगी आली ती नेमकी याच वर्षांत. माजी विद्यार्थ्यांचे संस्थेवरील प्रेम त्यांच्या मुलांच्या जागांवर अवलंबून असते, ही समजूत निदान येथे तरी खरी ठरली नाही.

व्यापारी घरांत पेढी मुलाकडे जाते, आणि ते योग्यच आहे; तिचे भांडवल, पत आणि जोखीम त्या घराचीच असते. विद्यापीठातील जागा मात्र कोणाच्याही घरची नसते. देणगी देताना आपल्या नातवाच्या प्रवेशाचा विचार मनात डोकावत असेल, तर ती रक्कम हिशेबाच्या वहीत दान म्हणून नव्हे, आगाऊ रक्कम म्हणूनच लिहावी लागेल.

कोट्यवधींचे आकडे प्रत्येकाच्या आवाक्यातले नसतात. पाच डॉलरचा आकडा आहे. ज्या महाविद्यालयाच्या पदवीवर घरातील पहिली नोकरी मिळाली किंवा दुकानाचा हिशेब सुधारला, तेथे वर्षाकाठी एका गरजू विद्यार्थ्याचे परीक्षा शुल्क भरणे अनेकांना जमेल. आजच्या प्राचार्यांना भेटून संस्थेची निकड विचारणे तर सर्वांनाच जमेल. खाते उघडायला रक्कम लहान चालते; ते चालू ठेवणे महत्त्वाचे.